डोमेन (साइटच्या पत्त्याचं नाव) नूतनीकरणाचं बिल आलंय, भरू का?

देवगडहून हापूस विकतो, साइट डॉट कॉमची. काल मेलवर ९,८०० रुपयांचं बिल आलं: '२४ तासांत भरा, नाहीतर सेवा बंद'. एरवी वर्षाला हजारभर जातात. ऐन मोसमात साइट पडली तर ऑर्डरी बुडतील हो, रात्रभर झोप नाही.

उत्तर १
भरू नका दादा. गेल्या वर्षी असल्याच बिलापायी माझे साडेचार हजार गेले. खाली बारीक अक्षरांत 'सर्च इंजिन नोंदणी' लिहिलं होतं, डोमेनचा संबंधच नव्हता. मेलमधल्या लिंकला हात लावू नका. आयकॅन, म्हणजे जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था बघणारी संस्था, तिच्या 'लुकअप' पानावर आपल्या साइटचं नाव टाका, रजिस्ट्रार (डोमेन ज्या कंपनीकडे नोंदवलंय ती) आणि मुदत दोन्ही दिसतात. डॉट कॉमसाठी रजिस्ट्रारला मुदतीच्या साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी आठवण द्यावीच लागते. आधी काही न कळवता एकदम २४ तासांची घाई खरा रजिस्ट्रार सहसा करत नाही.

उत्तर २
पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. बँकेलाही कळवा.

प्रश्नकर्ता
ताई, बघितलं. मुदत नोव्हेंबरपर्यंत आहे! रजिस्ट्रारही दुसराच, बिल पाठवणारा नाही. आता स्वतः लॉगिन करून ऑटो-रिन्यू (आपोआप नूतनीकरण) लावतो, डोमेन लॉकही, म्हणजे कुणी ते परस्पर दुसरीकडे हलवणार नाही.