ओवेनच्या कवितेत सैनिक जमिनीवर बुडतो कसा?

एमएच्या पहिल्या वर्षाला इंग्रज सैनिक-कवी विल्फ्रेड ओवेनची पहिल्या महायुद्धावरची कविता 'डल्से एट डेकोरम एस्ट' आहे. गॅस हल्ल्यात एकाला मास्क वेळेत लावता येत नाही आणि कवीला तो हिरव्या समुद्रात बुडताना दिसतो, पण हे सगळं चिखलात चाललंय ना, मग समुद्र कुठून आला? नुसती सजावट आहे का ही?

खिडकीपाशी: सजावट अजिबात नाही. कवी स्वतः मास्कच्या धुरकट काचेतून बघतोय म्हणून सगळं हिरवं. आणि क्लोरीनसारख्या गॅसने (१९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रला जर्मनांनी मोठ्या प्रमाणावर वापरला होता) फुप्फुसात पाणी भरतं, म्हणजे माणूस कोरड्या जमिनीवर खरंच बुडून मरतो. म्हणून ती उपमा वाचताना पोटात गोळा येतो.

जुनापुराणा: सुरुवात पण बघ की, तरणीताठी पोरं गोणपाट पांघरलेल्या म्हाताऱ्या भिकाऱ्यांसारखी वाकून चाललीत. पोस्टरवरचा रुबाबदार शिपाई पहिल्याच ओळीत संपला! आणि शीर्षक होरेस या जुन्या रोमन कवीच्या लॅटिन ओळीतलं, देशासाठी मरणं गोड असतं वगैरे, ते शेवटी येतं तेव्हा ओवेन त्याला सरळ खोटं म्हणतो. एका मसुद्यावर तर जेसी पोपचं नाव होतं, ती पोरांना भरतीसाठी चिथावणाऱ्या कविता लिहायची.

मूळ प्रश्नकर्ती: अच्छा म्हणजे काच आणि पाणी दोन्ही खरं 😳 आमच्या नोट्समध्ये फक्त 'प्रभावी प्रतिमा' एवढंच लिहिलंय.

खिडकीपाशी: नोट्स सोड, कविता मोठ्याने वाच. खोकला ऐकू येतो. आणि हो, ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ ला गेला, युद्ध थांबायच्या आठवडाभर आधी, वय फक्त २५.