मदत हवी आहे: अराथी बेसिनमध्ये तीन तळ हातात येऊनही हरतोय

वॉरक्राफ्ट क्लासिक या ऑनलाइन गेममध्ये अलायन्सकडून खेळतो, समोरची बाजू म्हणजे होर्ड. अराथी बेसिन या रणांगणाचा हिशोब साधा: १५ विरुद्ध १५, पाच तळ, त्यातले तीन टिकवले की झालं. आमचं घोडं या 'टिकवले'पाशीच अडतं.

कालचंच सांगतो. स्टेबल्स, लंबर मिल, ब्लॅकस्मिथ हे तीन तळ आमच्याकडे. स्टेबल्सवर मी एकटा राखणीला. कुठूनतरी अदृश्य रोग (Rogue, लपून वार करणारं पात्र) आला, सॅप (समोरच्याला काही वेळ खिळवणारा डाव) मारला आणि निवांत झेंड्याला हात घातला. मी जागच्या जागी खिळलेला. 'स्टेबल्सवर एक' असं तीनदा टाइप केलं. बाकीची मंडळी ब्लॅकस्मिथच्या पुलावर मारामारीत दंग! झेंडा बदलला तरी तळ त्यांचा व्हायला एक मिनिट असतं. तेवढ्यात कोणी येऊन परत क्लिक केलं असतं तर तळ वाचला असता. कोणी फिरकलं नाही.

टीममधले म्हणतात, होर्डच भारी आहे. त्यांच्यातल्या ऑर्क वंशावर स्टन (समोरच्याला सुन्न करणं) कधीकधी चालत नाही, अनडेड वंशाचे फिअर (घाबरवून पळवणारा मंत्र) झटकून टाकतात, हे मान्य. पण पॅलाडिन (पवित्र शक्तीचे योद्धे) फक्त आपल्याकडे आहेत, त्याचं काय? मला तरी हा बहाणा वाटतो.

तर जाणकारांनो, अनोळखी टीममध्ये प्रत्येक तळावर किती जण ठेवता? दोन ठेवले तर पुढे माणसं कमी पडतात. आणि राखणीला कोणता क्लास (पात्राचा प्रकार)? मी मेज (Mage, जादूगार) आहे, एकट्याने रोगला रोखायची काही युक्ती असेल तर तीही सांगा.