कृष्णधवल प्रिंटवर हिरवट-जांभळट झाक: प्रोफाइल, शाई की प्रिंटरच बदलावा?

करडी_छटा:
सहा शायांचा डाय (विरघळलेल्या रंगाच्या शाईचा) इंकजेट आहे: सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक, लाइट सायन, लाइट मॅजेंटा. रंगीत फोटो झकास येतात. कृष्णधवल मात्र खिडकीपाशी हिरवट आणि एलईडीखाली जांभळट दिसतात. ए३+ पर्यंतचे प्रिंट काचेखाली लावायचे आहेत. कागदाची प्रोफाइल (त्या कागद-शाईसाठी रंग जुळवणारी फाइल) करून घेतली तर भागेल का? जाणकारांनी सांगावे.

ग्रेस्केल:
अर्धंच भागेल. तुमच्या प्रिंटरमध्ये करडी शाई नाही, त्यामुळे मधला करडा तीन रंग मिसळून तयार होतो. प्रोफाइल हा तोल एका ठरावीक उजेडासाठी साधते. उजेड बदलला की तोल गेला. यालाच मेटामेरिझम म्हणतात.

प्रिंटर घेताना एकूण शाया मोजू नका, करड्या मोजा. कॅनन प्रो-३०० मध्ये दहा शाया, पण करडी एकच, आणि कार्ट्रिज जेमतेम १४.४ मिलीची. एपसन पी७०० मध्येही दहाच, पण करड्या दोन: ग्रे आणि लाइट ग्रे. कार्ट्रिज २५ मिलीची. दोन्ही पिगमेंट (न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांची शाई), दोन्ही ए३+. निव्वळ कृष्णधवलसाठी माझं मत पी७०० ला.

त्यावर छापताना फोटोशॉपमध्ये 'प्रिंटर मॅनेजेस कलर्स' ठेवा आणि ड्रायव्हरमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड बी अँड डब्ल्यू' निवडा. इथे हमखास चूक होते ती अशी, की फोटोशॉपमध्ये कागदाची प्रोफाइलही लावलेली राहते. मग फाइल दोनदा बदलली जाते आणि सावल्या बुजतात. आधी २१ पायऱ्यांची करडी पट्टी छापा, खिडकीपाशी आणि दिव्याखाली धरून पाहा. शेवटच्या दोन-तीन गडद पायऱ्या एकच दिसल्या तर फाइलमध्ये कर्व्हने सावल्या थोड्या उचला.

ठिपका:
लगेच खर्चात पडू नका. ड्रायव्हरमध्ये 'ग्रेस्केल' निवडून त्याच कागदावर पट्टी छापा आणि दहापट भिंगातून करड्या पायऱ्या पाहा. रंगीत ठिपके दिसले तर ड्रायव्हर अजून मिसळतोच आहे. नुसते काळे दिसले तर झाक गेली, पण उजळ भागात, विशेषतः आकाशात, दाणे दिसतील. हातभर अंतरावरून ते खपतात, लहान प्रिंटमध्ये नाही.

आणि एक, डायच्या टाकीत पिगमेंट शाई ओतायचा मोह टाळा. नळीत दोन्ही एकत्र आल्या तर गाठी धरून हेड तुंबू शकतं. लाइट सायनच्या जागी करडी भरायचा जुगाडही नुसता जमत नाही. ड्रायव्हर तिला सायनच समजतो, त्यासाठी क्वाडटोन रिपसारखं सॉफ्टवेअर लागतं.

करडी_छटा:
भिंगातून रंगीत ठिपके स्पष्ट दिसले. म्हणजे नवा पिगमेंट प्रिंटरच. मग कागद मॅट कॉटन (कापसाच्या तंतूंचा, बिनचकाकीचा) घ्यावा की बरायटा (बेरियम सल्फेटचा थर दिलेला, चकाकीचा)?

ग्रेस्केल:
काळा गडद हवा तर बरायटा. त्यावर फोटो ब्लॅकची (चकाकीच्या कागदासाठीची काळी शाई) घनता, म्हणजे काळेपणाचं माप, २.२ च्या वर जाते, मॅटवर मॅट ब्लॅकची (मॅट कागदासाठीची काळी) साधारण १.६ ते १.७. काचेमागे हा फरक बराच कमी जाणवतो, म्हणून तुम्हाला मॅटही चालेल. मात्र शाईची जोडी चुकवू नका. कॉटनवर फोटो ब्लॅक राखेसारखा येतो, बरायटावर मॅट ब्लॅक बोटाला लागतो. पी६००, पी८०० मध्ये दोन्ही काळ्यांना एकच वाट होती आणि प्रत्येक अदलाबदलीत शाई वाया जायची. पी७०० मध्ये नोझल वेगळे आहेत.

ड्रायव्हरच्या त्या कृष्णधवल मोडमधल्या 'न्यूट्रल' टोनबद्दल: कार्बनची काळी-करडी शाई मुळात किंचित तपकिरी असते, म्हणून तटस्थ दिसण्यासाठी प्रिंटर चिमूटभर रंग टाकतोच. तेवढीही झाक डोळ्यांना खुपली तर 'वॉर्म'च्या बाजूला सरका.

ठिपका:
छापल्याबरोबर काचेत घालू नका. पिगमेंट शाईतलं ग्लायकॉल हळूहळू उडतं आणि काचेवर आतून धुरकट थर धरतो. प्रिंट काही तास उघडा ठेवा, मग वर साधा कोरा कागद ठेवून २४ तास दाबा. तो कागद लहरी झाला तर बदलून पुन्हा एक दिवस.

आठवड्यातून एकदा तरी नोझल चेक छापा. लाइट ग्रेचा एक नोझल गेला तरी रंगीत फोटोत कळत नाही, पण धुक्याच्या फोटोत आडवी रेघ लगेच दिसते.