बेरीज संगणक करत असेल, तर सूत्र कशासाठी शिकायचे?

प्रश्न: गणित शिक्षक, परभणी जिल्हा

नमस्कार. मी एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला गणित शिकवतो आणि शाळा सुटल्यावर इच्छुक मुलांना पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतो. दहावीला अंकगणिती श्रेढीचे प्रकरण चालू असताना मुलांनी १ ते १०० या संख्यांची बेरीज करणारा चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. ५०५० हे उत्तर पडद्यावर आले आणि एका मुलीने सरळ विचारले, "सर, लूप लावला की बेरीज मिळते, मग सूत्र कशाला पाठ करायचे?" (लूप म्हणजे तीच कृती फेरीफेरीने पुन्हा करायला लावणारी आज्ञा; सूत्र म्हणजे १ ते न ची बेरीज = न × (न + १) ÷ २.) प्रश्न प्रामाणिक आहे, त्यामुळे "परीक्षेत येते म्हणून" एवढ्यावर तिची बोळवण करणे मला पटत नाही. प्रोग्रॅमिंगमुळे मुलांना गणिताची गोडी लागते आहे हे दिसते, पण त्याच ओघात ती सिद्धतेकडे पाठ फिरवतील की काय, अशी धास्तीही वाटते. दोन्ही विषय शिकवणाऱ्यांनी अनुभव सांगावा.

उत्तर १: लातूर

सर, तिला १०० च्या जागी १० कोटी घालून पाहू द्या. लूपला तेवढ्याच फेऱ्या माराव्या लागतात आणि शाळेतल्या जुन्या संगणकासमोर मुले ताटकळत बसतात. सूत्राला एक बेरीज, एक गुणाकार आणि एक भागाकार पुरतो.

तरीही वेगाचा मुद्दा मी दुय्यम मानतो. खरा मुद्दा खात्रीचा आहे, आणि त्यासाठी मी दरवर्षी न² + न + ४१ ही राशी घेतो, जिच्याकडे अठराव्या शतकात गणितज्ञ ऑयलरने लक्ष वेधले होते. न च्या जागी ०, १, २ असे घालत गेले की ४१, ४३, ४७ अशा मूळ संख्या मिळतात. वीसेक उत्तरे पाहिल्यावर "नेहमी मूळ संख्याच येणार" असे सारा वर्ग छातीठोकपणे सांगतो. ३९ पर्यंत ते खरेही ठरते. ४० ला मात्र १६८१ येते, म्हणजे ४१ चा वर्ग. येथे संगणक बाजूला ठेवून ४० × ४० + ४० + ४१ मधल्या पहिल्या दोन पदांतून ४० सामाईक काढायला सांगावे: ४० × ४१ + ४१, म्हणजेच ४१ × ४१. संगणकाने अपवाद दाखवला, पण तो तेथे का यावा हे त्या फोडीनेच कळते. त्यानंतर सिद्धता कशाला, असे वर्गात कोणी विचारत नाही.

उत्तर २: बीड

आमच्याकडे अडचण आणखी वेगळी आहे. दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात, मुलांचे वर्ग मध्येच सुटतात आणि परतल्यावर संगणकासमोर त्यांचा नंबर लागणे कठीण होते. म्हणून मी प्रोग्रॅम आधी वहीत चालवून घेते. २५२ आणि १०५ यांचा मसावि युक्लिडच्या रीतीने, म्हणजे दर वेळी आधीच्या भाजकाला बाकीने भागत, काढताना भाज्य, भाजक आणि बाकी असे तीन रकाने आखायचे. बाकी ४२, मग २१, मग ०, आणि शेवटचा भाजक २१ हे उत्तर. जे मूल हा तक्ता स्वतः भरते, त्याला लूप कोठे थांबतो आणि का थांबतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच स्पष्ट करावी. "क = क + १" ही ओळ पाहून बीजगणित नीट समजलेले मूल अडखळते, आणि त्याने अडखळावे हेच योग्य आहे, कारण समीकरण म्हणून तिला उकलच नाही. उजवीकडची किंमत काढून डावीकडच्या नावाला द्यावी, अशी ती संगणकाला केलेली आज्ञा आहे. हे न सांगता पुढे गेल्यास हुशार मुलांचाच गोंधळ अधिक होतो.

प्रश्नकर्ता

मॅडम, सर, आभारी आहे. ४१ ची राशी याच आठवड्यात घेतो. लूपची मर्यादा मी ठरवावी की मुलांवर सोडावी?

उत्तर १: लातूर

पहिल्या तासाला २० ठेवा आणि त्यांचा दावा त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहून घ्या. दुसऱ्या तासाला मर्यादा काढून टाका. ४० पर्यंत त्यांचे तेच पोहोचतील.