रब्बीच्या शिवारातले पक्षी : आपले अनुभव लिहावेत

माघ सरत आला की ज्वारी काढणीला येते, हरभऱ्याचे घाटे भरतात आणि हिवाळी पाहुणे पक्षी परतीच्या वाटेला लागण्याआधीचे मोजके आठवडे उरतात. उजनीच्या रोहित पक्ष्यांवर पुष्कळ लिहिले जाते. उभ्या पिकात, बांधावर आणि माळावर दिसणाऱ्या पक्ष्यांवर मात्र फारच कमी. अनुभव लिहिताना शेतात कोणते पीक होते आणि पक्षी तिथे काय करत होता, हे आवर्जून नोंदवावे. नुसत्या नावांच्या यादीतून शिवार कळत नाही.

बार्शी
ऊन पडताच आमच्या ज्वारीवर भोरड्यांचे थवे उतरतात. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची भोरडी कणसाला बिलगून दाणे टिपू लागते, तेव्हा ताट कलते. वडील गोफण फिरवतात. थवा उठतो, हवेतच वळतो आणि शेजारच्या तुकड्यात उतरतो. पक्षीनिरीक्षकांनी या नुकसानीकडे डोळेझाक करू नये, असे मला मनापासून वाटते. मात्र मध्य आशियात विणीच्या काळात याच भोरड्या नाकतोडे आणि टोळ खाऊन पिल्ले वाढवतात, हेही मी वडिलांना सांगत असतो.

परंडा
बार्शीकरांनी ज्वारी काढून पाचुंदे लावल्यावरही शेतात जरूर थांबावे. सांडलेल्या दाण्यांवर काळ्या डोक्याचे भारीट येतात. हिवाळ्यात नराच्या डोक्यावरची काळी पिसे फिकट कडांखाली झाकलेली असतात. त्या कडा झिजत जातात तसतसे डोके काळे दिसू लागते. फेब्रुवारीत एकाच थव्यात मळकट, अर्धवट काळी आणि जवळजवळ पूर्ण काळी अशी सगळी डोकी पाहायला मिळतात, आणि हे पाहण्यासाठी कोणत्याही अभयारण्यात जावे लागत नाही. ज्वारीच्या जागी ऊस आला की तिथे हे दृश्य राहत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

करमाळा
भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी सायंकाळी गवताळ माळावर उतरून जमिनीवरच रात्र काढतात. म्हणून माळ पेटवू नयेत, एवढेच सांगायचे आहे.

निफाड
नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर विसावणारे पट्टकादंब चरायला आसपासच्या गव्हा-हरभऱ्यात येतात. पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे दुर्बिणीशिवायही दिसतात. हिमालय ओलांडणारा हा पक्षी आपल्या मळ्यातले कोवळे शेंडे खुडताना पाहून आनंद होतो, पण पीक कोणाचे तरी असते. त्यामुळे आम्ही आधी शेतमालकाला विचारतो, गाडी रस्त्यावरच ठेवतो आणि बांध सोडत नाही. छायाचित्रासाठी थवा उठवणाऱ्यांना आता तिथले शेतकरीच अडवतात, आणि ते योग्यच करतात.