मदत हवी आहे : न वापरलेल्या क्रेडिट कार्डाची ६,०३४ रुपये थकबाकी, आप्पांचा सिबिल कसा दुरुस्त करून घेऊ?

नमस्कार. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नेमका सल्ला देता येणार नाही, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

माझे वडील, आप्पा, एसटीत मेकॅनिक होते. मिरज आगारातून २०२३ मध्ये निवृत्त झाले. ग्रॅच्युइटीच्या पैशांतली काही रक्कम त्यांनी एका खासगी बँकेत एफडीत ठेवली (बँकेचं नाव लिहीत नाही). कागद करताना तिथला मुलगा म्हणाला, "काका, याच्याबरोबर कार्ड पण मिळतंय, लाइफटाइम फ्री आहे, असू दे अडीअडचणीला." पेन्सिलीने जिथे जिथे फुल्या केल्या होत्या तिथे आप्पांनी सह्या केल्या. कार्डासाठी वेगळा फॉर्म होता का, हे त्यांना आठवत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये कुरियरने कार्ड आलं. आप्पांनी पाकीट उघडून पाहिलं आणि एलआयसीच्या पावत्यांच्या पिशवीत ठेवून दिलं. परवा मी ते बाहेर काढलं, तर कार्ड पत्राला चिकटवून आलं होतं तसंच अजून चिकटलेलं. वापरण्याआधी सुरू करून घ्या, असं सांगणारा स्टिकरसुद्धा सोललेला नाही. पिन कधी तयार केला नाही. एक रुपयाची खरेदी नाही.

हे सगळं कळलं ते धाकट्या भावाच्या शैक्षणिक कर्जामुळे. त्याचे इंजिनिअरिंगचे कॅप राऊंड (प्रवेशाच्या फेऱ्या) तोंडावर आहेत. दुसऱ्या एका बँकेत कर्जासाठी गेलो, आप्पा सहकर्जदार. तिथल्या साहेबांनी आप्पांचा सिबिल रिपोर्ट, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी, उघडून स्क्रीन आमच्याकडे वळवली आणि म्हणाले, "तुमचं एक क्रेडिट कार्ड थकलंय, आधी ते मिटवून या." आप्पा त्या स्क्रीनकडे नुसते बघत राहिले. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता या माणसाने उभ्या नोकरीत एकदा चुकवलेला नाही.

घरी येऊन स्टेटमेंटं शोधली. ती सगळी भावाच्या एका जुन्या ईमेलवर जात होती, जो तो उघडतच नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये वार्षिक शुल्क ४९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८८ रुपये ८२ पैसे. ते भरलं नाही म्हणून पहिल्या महिन्यात जीएसटीसह ४७२ रुपये लेट फी. मग रक्कम वरच्या टप्प्यात गेली म्हणून सहा महिने दर महिन्याला ७०८. शिवाय साडेतीन टक्के महिना व्याज, त्या व्याजावर पुन्हा जीएसटी, ते ७२५ रुपये ८० पैसे. जूनच्या स्टेटमेंटात एकूण ६,०३४ रुपये ६२ पैसे. फुकट म्हणून दिलेल्या कार्डाचे!

आता कस्टमर केअरचं सांगते, कारण खरा मनस्ताप तिथे झालाय.

हेल्पलाइनवर फोन लावला की कार्डाचे शेवटचे चार आकडे मागतात, ते दिले की पिन मागतात. कार्ड सुरूच केलं नाही तर पिन आणायचा कुठून? पिन नाही तर माणसाशी बोलता येत नाही. शेवटी 'कार्ड हरवले' हा पर्याय दाबला तेव्हा कुठे माणूस भेटला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, सिस्टिममध्ये ड्यू दिसतोय, तो भरा, मग बंद करण्याची रिक्वेस्ट घेतो." दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळी कहाणी. तिसऱ्या वेळी तक्रार क्रमांक मिळाला, आणि संध्याकाळपर्यंत मेसेज आला की तुमच्या तक्रारीचं निराकरण झालं आहे. काय निराकरण झालं, ते त्यात नव्हतं. शाखेत गेले तर 'कार्डाचा विभाग वेगळा, आमच्या हातात काही नाही'. एफडीच्या वेळचा मुलगा तिथे आता नाही.

मे महिन्यापासून वसुलीचे फोन येत होते म्हणे. आप्पांनी घरात सांगितलं नाही. अनोळखी नंबरवर काही बोलायचं नाही, फसवतात, हे मीच त्यांना बजावलं होतं. त्यामुळे ते फोन ठेवून देत. परवा रात्री साडेआठला आलेला फोन मी उचलला. पलीकडचा माणूस म्हणाला, "या वयात लोकांचे पैसे बुडवता, लाज नाही वाटत?" आप्पा शेजारीच गोळ्या घेत बसले होते. त्यांना ऐकू गेलं.

आता ते रोज म्हणतात, "देऊन टाकू की गं. सहा हजारांसाठी कुणाची बोलणी कशाला ऐकायची?" मला ते पटत नाही. जे घेतलंच नाही ते भरलं तर आपण घेतलं होतं असंच होईल ना?

तर मला हे विचारायचंय. पैसे भरले तर सिबिलमधली नोंद जाते का? न भरता हे कार्ड बंद करायला लावता येईल का? आणि दाद नेमकी कुणाकडे, कशी मागायची? भावाच्या प्रवेशाची फी भरायची वेळ जवळ आलीय, त्यामुळे मनात घालमेल चाललीय. कृपया ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा.

प्रतिसाद

ताई, राग अगदी रास्त आहे. पण पोराची ॲडमिशन महत्त्वाची. माझ्या चुलत भावाने असंच भांडण काढलं होतं, आठ महिने गेले. सहा हजार भरा, नो ड्यूज (थकबाकी नसल्याचा दाखला) घ्या आणि सुटा.

प्रतिसाद

वरच्या दादांचा हेतू चांगला आहे, पण मी पटकन भरू नका असं म्हणेन. पैसे भरले तरी मागच्या प्रत्येक महिन्याच्या उशिराची नोंद रिपोर्टात तशीच राहते. तिथे ३६ महिन्यांचा इतिहास दिसतो. आणि 'तडजोड करतो, तीन हजार भरा' अशी ऑफर आली तर मुळीच घेऊ नका. मग 'सेटल्ड' असा शेरा लागतो, तो थकबाकीइतकाच नडतो.

प्रतिसाद

मी बरीच वर्षं बँकेत कार्डाच्या कामात होतो, आता निवृत्त आहे. तुमच्या लिहिण्यात सगळ्यात मोलाची गोष्ट आहे ते चिकटलेलं कार्ड. ते पत्रावरून काढू नका. पाकीट, पत्र, स्टिकर, दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा.

रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ ला क्रेडिट कार्डांबद्दल सविस्तर निर्देश काढले, त्यातले बहुतेक १ जुलै २०२२ पासून आणि काही १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाले. त्यातल्या तीन गोष्टी तुमच्या कामाच्या. एक, कार्ड दिल्यापासून ३० दिवसांत ग्राहकाने सुरू केलं नाही तर बँकेने ओटीपी घेऊन त्याची संमती विचारायची, आणि संमती आली नाही तर सात कामकाजाच्या दिवसांत कुठलाही खर्च न लावता खातं बंद करायचं. दोन, कार्ड सुरू होण्याआधी त्याची माहिती सिबिलसारख्या कंपन्यांना कळवायचीच नाही. तीन, न मागता कार्ड दिलं आणि संमतीशिवाय सुरू करून बिल लावलं, तर लावलेली रक्कम परत करायची आणि वर तिच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा.

म्हणून बँकेशी लांबलचक वाद घालू नका. एकच प्रश्न विचारा, तोही लेखी : हे कार्ड कोणत्या तारखेला आणि कोणत्या मार्गाने सुरू झालं? सुरू झालं नाही म्हणाले, तर सिबिलला कळवलं कसं आणि खातं बंद का केलं नाही, याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल. सुरू झालं म्हणाले, तर आप्पांची संमती दाखवा म्हणायचं. ती नसेल तर दुपटीचा नियम आहेच. सोबत सही केलेल्या अर्जाची प्रत मागा. कार्डाची संमती स्पष्ट असावी लागते, एफडीच्या सह्यांतून ती गृहीत धरता येत नाही.

फोन बंद करा. फोनवर बोललेलं कागदावर राहत नाही. बँकेच्या संकेतस्थळावर तक्रार निवारणाचे टप्पे आणि नोडल अधिकाऱ्याचा (तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचा) ईमेल असतो, तिथे आप्पांच्या नावाने आणि त्यांच्याच ईमेलवरून पाठवा. भावाचा जुना ईमेल आधी बदलून घ्या.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जायचं. एकात्मिक लोकपाल योजनेत सगळ्या देशासाठी एकच पोर्टल आहे, फी नाही, वकील लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर मराठीतही विचारता येतं. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असलीच पाहिजे, नाहीतर तक्रार दारातूनच परत येते. बहुतेकांची गाडी इथेच अडते.

प्रतिसाद

काकांनी नेमकं सांगितलंय. फक्त त्या ७२५ रुपये ८० पैशांबद्दल. न भरलेली शुल्कं आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावायचं नाही, असं त्याच निर्देशांत आहे. तुमच्याकडे खरेदी शून्य, म्हणजे सगळं व्याज शुल्कावरच लागलंय. ही रक्कम ईमेलात वेगळी काढून दाखवा. आकडा पैशापर्यंत लिहिलात की समोरचा छापील उत्तर पाठवायच्या आधी दोनदा विचार करतो.

प्रतिसाद

वसुलीच्या फोनबद्दल. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने मनाई केलीय. धमकावणं, अपमान करणं यालाही. साडेआठच्या कॉलचा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा. आणि आप्पांना सांगा, लाज वाटायचं कारण त्यांच्याकडे काहीच नाही.

सिबिलच्या साइटवरही स्वतंत्र हरकत नोंदवा. रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. २६ एप्रिल २०२४ पासून नियम असा आहे की तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा एक प्रश्न आप्पांना वाचून दाखवला. म्हणाले, "हे असं विचारायचं कधी सुचलंच नाही बघ." २४ जुलैला नोडल अधिकाऱ्यांना ईमेल पाठवला, सिबिलवर हरकतही त्याच दिवशी टाकली. आप्पांच्या नावाने नवा ईमेल काढला, पासवर्ड त्यांनी स्वतः ठरवला.

धागाकर्ती (१४ ऑगस्ट)

काय झालं ते सांगायला धागा वर आणतेय.

पहिलं उत्तर चार दिवसांत आलं, नुसतं छापील. थकबाकी भरावी, असहकार्य करू नये, वगैरे. त्याला मी एकाच ओळीचं उत्तर दिलं : कार्ड सुरू झाल्याची तारीख कळवावी. पुन्हा छापील उत्तर. पुन्हा तीच ओळ. तिसऱ्या उत्तरात खाली एक तक्ता होता आणि त्यात कार्डाच्या स्थितीपुढे 'सुरू केलेले नाही' असं त्यांनीच लिहिलं होतं! मी तो तक्ता लगेच छापून घेतला.

त्यानंतर पाच दिवसांनी सहा हजार चौतीस रुपये बासष्ट पैसे पूर्ण वजा झाल्याचा मेल आला. 'सद्भावना म्हणून' वजा केले असं त्यात आहे. पाठोपाठ फोन आला, बाई गोड बोलत होत्या, आता तक्रार मागे घेतल्याचं एक उत्तर पाठवा म्हणाल्या. मी म्हटलं, मेलवर मागा. अजून मेल आलेला नाही. कार्ड बंद केल्याचं पत्रही नाही, आणि सिबिलमध्ये थकबाकी जशीच्या तशी दिसतेय.

भावाच्या कर्जाचं म्हणाल तर त्या साहेबांना तो तक्ता आणि रक्कम वजा झाल्याचा मेल नेऊन दाखवला. त्यांनी दोन्हीच्या प्रती फाइलला लावून घेतल्या. म्हणाले, प्रकरण वर पाठवतो, पण रिपोर्ट दुरुस्त झाला तर माझं काम सोपं होईल. पहिल्या हप्त्याची फी आम्ही आत्याकडून हातउसने घेऊन भरलीय.

काका, एवढं एक सांगा : 'सद्भावना' हा शब्द मी मान्य करायचा की नाही?

प्रतिसाद

नाही. सद्भावना म्हणजे चूक तुमची होती पण आम्ही सोडून दिलं. 'चुकीने लावलेली रक्कम रद्द' असं लेखी मागा, कारण सिबिलमधली दुरुस्ती त्याच शब्दांवर होते. दुपटीच्या दंडाचा आग्रह आता धरू नका. कार्ड सुरूच झालं नव्हतं हे त्यांनी कबूल केलंय आणि तो नियम संमतीशिवाय सुरू केलेल्या कार्डाचा आहे. तुमचा मुद्दा आता एवढाच : सुरू न झालेल्या कार्डाची नोंद सिबिलला गेलीच कशी. रिपोर्ट कोरा झाल्याशिवाय तक्रार मागे घेऊ नका.

धागाकर्ती

तसंच लिहून आत्ताच पाठवलं. २३ ऑगस्टला तीस दिवस पूर्ण होतात. तोवर रिपोर्ट दुरुस्त झाला नाही तर लोकपालांकडे अर्ज टाकते, कागद लावून तयार ठेवलेत.

मी कार्ड कापून टाकू का म्हणून विचारलं तर आप्पा माझ्यावरच ओरडले. पत्र, पाकीट, चिकटलेलं कार्ड आणि छापलेला तक्ता, सगळं त्यांनी एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून परत त्याच पावत्यांच्या पिशवीत ठेवलंय.