अमेरिकेतल्या मॅकडोनाल्ड्सच्या फ्राइज शाकाहारी माणसाला चालतात का?

ओवी (एडिसन, न्यू जर्सी)
पुढच्या महिन्यात सासूबाई पहिल्यांदाच इकडे येतायत. कट्टर शाकाहारी, अंडं घातलेला केकसुद्धा चालत नाही. लेकीला आजीला मॅकडोनाल्ड्समध्ये न्यायचंच आहे. फ्राइजवरून इथल्या हिंदूंनी पूर्वी खटला भरला होता ना? त्यानंतर तरी चालतात का?

घाटवाट
नाही चालत. मी तेव्हा सिअ‍ॅटलजवळ राहायचो, देवळात प्रसादाच्या रांगेतही हाच विषय असायचा.
१९९० साली कंपनीने गाजावाजा करून सांगितलं की आता फ्राइज गोमांसाच्या चरबीत नाही, वनस्पती तेलात तळणार. आपली माणसं निर्धास्त झाली. पण बटाट्याला बीफचा अर्क लावला जात होता आणि घटकांच्या यादीत नुसतं ‘नैसर्गिक स्वाद’ एवढंच. मे २००१ मध्ये सिअ‍ॅटलचे वकील हरीश भारती यांनी सगळ्या शाकाहारींच्या वतीने दावा ठोकला. २००२ मध्ये तडजोड झाली. कंपनीने जाहीर माफी मागितली, १ कोटी डॉलर मोजले. १२ फिर्यादींना प्रत्येकी ४,००० डॉलर, बाकी पैसे मुख्यतः शाकाहारी, हिंदू आणि शीख संस्थांना. ज्यांनी नकळत खाल्लं त्यांच्या हाती काही नाही, त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की कृती बदलली नाही. आजही अमेरिकेतल्या यादीत ‘नैसर्गिक बीफ स्वाद’ आहे, पुढे कंसात गहू आणि दुधाचे घटक. म्हणजे निदान आता लपवत तरी नाहीत.

रानजाई (ठाणे)
तेव्हा इथे ठाण्यात त्यांच्या दुकानाची तोडफोड झाली होती! वास्तविक भारतातल्या फ्राइजमध्ये बीफ नाही, असं कंपनी तेव्हाच सांगत होती. राग अमेरिकेतल्या कृतीवरचा, काचा फुटल्या ठाण्यात.

ओवी
बापरे. त्या भारतात आवडीने खातात, म्हणून इथेही तेच असेल असं धरून चालले होते.

घाटवाट
तोच घोटाळा होतो. ब्रँड एक, कृती देशागणिक वेगळी. कंपनीच्या अमेरिकेतल्या संकेतस्थळावर यादी आहे, ती सासूबाईंना मराठीत वाचून दाखवा. दुधाचे घटक त्यांना चालतील, पण ‘बीफ’ शब्द ऐकून घ्यायचं की नाही ते त्यांनाच ठरवू द्या. लेकीला तिथे सफरचंदाचे काप आणि दूध मिळेलच, आजीला कॉफी.